जुनी बुलेट, नवी बुलेट आणि सातपूरचे मामा

मुलांनो, नाशिकहून त्र्यंबकेश्वरला निघालात की मायको सर्कल मागे पडतं, आयटीआयचा सिग्नल येतो आणि रस्त्याच्या कडेनं कारखान्यांच्या कमानी, पाट्या आणि लांबच लांब भिंती दिसू लागतात. हे सातपूर. त्र्यंबकच्या एसटीतले लोक इथे खिडकीबाहेर एकदा बघतात आणि पुन्हा डुलक्या घेऊ लागतात. बरोबरच आहे. सातपूरला ना किल्ला, ना लेणी, ना धबधबा. शाळेची सहल काही सातपूरला जात नाही.

मी मात्र लहानपणापासून सुट्टीत सातपूरलाच जातो. तिथे माझे मामा राहतात. आणि मामांकडे बुलेट आहे.

आता तुम्ही म्हणाल, त्यात काय, बुलेट तर आमच्या गल्लीत चार आहेत! असतील. पण मामांची बुलेट १९८७ सालची आहे. मी तेव्हा चौथीत होतो. तिच्या नंबरात एमएच-१५ ही अक्षरंसुद्धा नाहीत, कारण ती पद्धत सुरू व्हायच्या आधीची ती गाडी. काळी, टाकीवर सोनेरी रेघा, आणि आवाज असा की मामा वळणावर आले की घरातल्या वाट्या-पेले सांगायचे. मामी चहाचं आधण ठेवायच्या ते त्या आवाजावरच.

गेल्या दिवाळीनंतर मी आणि माझी लेक (ती आठवीत आहे) मामांकडे गेलो, तेव्हा घरात एक मोठा प्रश्न चालू होता. मामा-मामींना कोकणात जायचंय. मोटारसायकलनं. सातपूरहून त्र्यंबक, जव्हार, मग खाली उतरून अलिबाग, मुरूड, हरिहरेश्वर, गुहागर, मालवण, थेट वेंगुर्ल्यापर्यंत, आणि परत येताना कोल्हापूर-पुण्यावरून. तेराशे-चौदाशे किलोमीटर सहज होतात. मामा आता नोकरीतून मोकळे झालेत, मामींचे गुडघे अजून साथ देतायत. आता नाही तर कधी? इथपर्यंत दोघांचं एकमत होतं.

भांडण पुढचं होतं. कुठल्या गाडीनं? जुनी दुरुस्त करून तिनं जायचं, की नवी घ्यायची? आणि पैसे एकाच गोष्टीपुरते होते.

पण थांबा. आधी सातपूर दाखवतो, कारण मामा आणि बुलेट दोघंही या गावाशिवाय कळायचे नाहीत.

सातपूर मुळात त्र्यंबकच्या वाटेवरचं एक खेडं. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ १९६२ साली स्थापन झालं आणि त्यानंतर या माळावर कारखाने उभे राहू लागले. मायकोचा कारखाना आला, त्याचं नाव आता बॉश आहे, पण सर्कल अजून मायकोचंच. डिझेल इंजिनात इंधनाचा बारीक फवारा मारणारे नॉझल तिथे तयार होत आले. सिएटचा टायरचा कारखाना आला. महिंद्राचा आला, आणि रस्त्यावर तुम्ही ज्या स्कॉर्पिओ बघता त्या तिथून बाहेर पडू लागल्या. या मोठ्यांच्या आजूबाजूला शेकडो छोटी वर्कशॉप. कुठे लेथवर शाफ्ट फिरतोय, कुठे प्रेसखाली पत्रा वाकतोय, कुठे भट्टीतून तापलेले भाग निघतायत. १९८२ साली नाशिक महानगरपालिका झाली आणि सातपूर शहरातच आलं.

या कारखान्यांत कामाला माणसं आली ती कुठून कुठून. नाशिक जिल्ह्यातली होतीच, पण खानदेशातली फार. जळगाव, धुळे, चाळीसगाव, अमळनेर. म्हणून आजही सातपूर कॉलनीत संध्याकाळी फिरायला निघालात तर कोपऱ्यावर कोणीतरी अहिराणीत विचारणारच, ‘‘कथा चालना रे भो?’’ म्हणजे, कुठे निघालास? माझे मामाही जळगावकडचेच. विशीत आले, कारखान्यात फिटर म्हणून लागले, आधी सायकलवर ड्यूटीला जायचे. मग पतपेढीचं कर्ज काढून त्यांनी बुलेट घेतली. पाळी सुटल्यावर फाटकातून दीडशे सायकली निघायच्या आणि त्यांत एक बुलेट. मामा ही गोष्ट अजून सांगतात, आणि दर वेळी सायकलींचा आकडा वाढतो!

आता बुलेटची गोष्ट. बुलेट हे नाव मूळचं इंग्लंडमधलं. तिथल्या रेडिच गावी एनफिल्ड कंपनी होती, तिची पहिली मोटारसायकल १९०१ सालची, आणि ‘बुलेट’ हे नाव आलं १९३२ साली. आपल्या लष्कराला स्वातंत्र्यानंतर सीमेवर गस्त घालायला दणकट मोटारसायकल हवी होती, ती निवड बुलेटवर पडली. मग १९५५ साली मद्रासला, म्हणजे आजच्या चेन्नईला, एनफिल्ड इंडिया ही कंपनी निघाली. सुरुवातीला इंग्लंडहून सुटे भाग यायचे आणि इथे जोडले जायचे. पुढे सगळे भाग इथेच बनू लागले. गंमत पुढे आहे. इंग्लंडमधली मूळ कंपनी १९७० च्या सुमाराला बंद पडली, आणि १९७७ पासून मद्रासमध्ये बनलेल्या बुलेट इंग्लंडला विकायला जाऊ लागल्या! तिकडचे म्हातारे लोक आपली तरुणपणीची गाडी आता हिंदुस्थानातून मागवू लागले.

कारण ती बदललीच नव्हती. १९५५ च्या गाडीतलं इंजिन आणि मामांच्या १९८७ च्या गाडीतलं इंजिन हे काका-पुतणेसुद्धा नाहीत, जवळजवळ जुळे भाऊ आहेत.

तुमच्यापैकी जे नववीत-दहावीत आहेत त्यांनी वही काढा. बुलेटचं इंजिन ३५० सीसी म्हणतात ना? ते खरं का ते बघू. सीसी म्हणजे घनसेंटिमीटर. इंजिनाच्या नळकांड्यात पिस्टन जेवढी जागा वर-खाली फिरतो तेवढं त्याचं आकारमान. जुन्या बुलेटचा बोअर, म्हणजे नळकांड्याचा व्यास, ७० मिलिमीटर. पिस्टन वर-खाली जातो ते अंतर ९० मिलिमीटर. तर त्रिज्या साडेतीन सेंटिमीटर, उंची ९ सेंटिमीटर. पाय आर वर्ग एच. २२ भागिले ७, गुणिले ३.५, गुणिले ३.५, गुणिले ९. किती आलं? ३४६.५. कंपनीही ३४६ च सांगते. नव्या गाडीचे आकडे आहेत व्यास ७२ आणि अंतर ८५.८ मिलिमीटर. ते तुम्ही करा, ३४९ च्या थोडं वर यायला हवं. माझ्या लेकीनं केलं आणि मग मामांना विचारलं, ‘‘आबा, दोन्ही सारखंच निघतंय की. मग फरक काय?’’

मामा म्हणाले, ‘‘चल, किक मारून दाखवतो.’’

जुनी बुलेट चालू करणं हे बटण दाबण्यासारखं काम नाही. आधी पेट्रोलचा कॉक उघडायचा. चावी फिरवायची. दिव्याच्या वर एक छोटं घड्याळासारखं असतं, त्यात एक काटा. तो अँपिअरचा काटा. किक हळूहळू पायानं दाबत जायची आणि काट्यावर नजर ठेवायची. काटा मध्यावर येऊन थांबला की समजायचं, पिस्टन वरच्या टोकाशी आलाय, हवा दाबली गेलीय. आता डाव्या हातापाशी एक छोटा खटका आहे, तो ओढला की ती कोंडलेली हवा सुटते. तेवढ्यात किक अगदी थोडी पुढे सरकवायची, खटका सोडायचा, किक वर येऊ द्यायची, आणि मग सगळं अंग टाकून एकच सणसणीत किक. बरोबर जमलं तर धड, धड, धड. चुकलं तर किक उलटी येते आणि नडगीवर बसते. मामांच्या उजव्या नडगीवर त्याची एक खूण आहे. माझ्या पण आहे, पण ती मी घरी कोणाला सांगितली नव्हती. आता छापून आली!

लेकीला हे फारच आवडलं. नव्या गाडीला काय, बोटानं बटण दाबलं की झालं. तिचं मत तिथेच ठरलं. ‘‘जुनीच.’’

मामींचं मत उलट होतं, आणि त्यांचं कारण मला नंतर कळलं.

मामांनी ठरवलं, आधी एक लहान फेरी मारून बघू. सातपूर ते जव्हार आणि परत, एका दिवसात. मागे मी बसायचं. पहाटे निघालो. पिंपळगाव बहुला, बेळगाव ढगा, महिरावणी, एकेक गाव मागे पडलं. डाव्या अंगाला अंजनेरीचा डोंगर उजाडताना काय दिसतो म्हणून सांगू! पुढे त्र्यंबकला ब्रह्मगिरी, जिथे आपली गोदावरी उगम पावते. देवळाच्या गर्दीत न शिरता आम्ही जव्हारच्या रस्त्याला लागलो. जुनी बुलेट पन्नासच्या वेगानं अशी चालते की मागच्या माणसाला झोप येते. इंजिनात आतलं फिरतं चक्र जड असतं, त्यामुळे गाडी घाई करत नाही. शेतात कापलेला भात पसरलेला. मला वाटलं, लेकीचं बरोबर आहे, हिच्याइतकी प्रवासाची गाडी दुसरी नाही.

मग तोरंगण घाट आला. उतार आणि वळणं. दुसऱ्या की तिसऱ्या वळणावर मामांनी पुढचा ब्रेक दाबला आणि ‘टक्’ असा आवाज झाला. ब्रेकचा दांडा हँडलला जाऊन चिकटला. केबल तुटली होती. समोरून मोखाड्याकडून एसटी वर येत होती.

मामा काही बोलले नाहीत. उजव्या पायानं गिअर एक कमी केला, मग अजून एक. इंजिन मोठ्यानं ओरडलं. डावा पाय मागच्या ब्रेकवर. गाडी हळू झाली पण थांबेना. दोघांचं वजन होतं ना तिच्यावर. एसटी बाजूनं गेली, ड्रायव्हरनं हॉर्न दाबून ठेवला होता, आणि आम्ही डोंगराच्या बाजूच्या गटाराच्या काठावर येऊन टेकलो. मागच्या चाकातून करपलेला वास येत होता. ब्रेकचे लायनर तापले होते.

मुलांनो, पुढचा ब्रेक एवढा महत्त्वाचा का, ते सायकलवरसुद्धा कळतं. तुम्ही ब्रेक दाबता तेव्हा तुमचं अंग पुढे झुकतं की नाही? तसंच गाडीचं वजनही पुढच्या चाकावर येतं. ते चाक रस्त्याला घट्ट धरतं, मागचं हलकं होतं. म्हणून थांबवण्याचं निम्म्याहून बरंच जास्त काम पुढचा ब्रेक करतो. नुसत्या मागच्या ब्रेकवर उतार म्हणजे एका हातानं पोतं उतरवण्यासारखं.

आता यात गाडीचा दोष होता का? नव्हता. केबलच्या तारा दांड्यापाशी एकेक करून तुटत आल्या होत्या. निघताना मीच गाडी पुसली होती आणि ते मला दिसलंही होतं. ‘आल्यावर बदलू’ असं म्हणून मी सोडून दिलं. मामांच्या डब्यात क्लचची जादा केबल होती, ब्रेकची नव्हती. घाट चढायला पुढचा ब्रेक फारसा लागत नाही, म्हणून आम्ही तिथूनच वळलो आणि वीसच्या वेगानं परत आलो. जव्हार राहिलंच.

घरी आल्यावर मामींनी सगळं ऐकून घेतलं. मग एवढंच म्हणाल्या, ‘‘अहो, गाडी पळते किती ते सगळ्या कॉलनीला माहीत आहे. मला थांबते कशी ते सांगा. मागे मी बसणार आहे.’’

दुसऱ्या दिवशी आम्ही गाडी घेऊन गॅरेजला गेलो. सातपूरला एक फायदा आहे. गॅरेजमध्ये एखादा भाग नसला तर शेजारच्या गाळ्यात लेथवर बनवून मिळतो. तिथले वस्ताद जुन्या बुलेटवर वाढलेले. त्यांनी बाजूचं झाकण उघडून माझ्या लेकीला आतल्या दोन उभ्या काड्या दाखवल्या. त्यांना पुशरॉड म्हणतात. ‘‘ही बोटांनी फिरली पाहिजे, पण वर-खाली हलता कामा नये. एवढीच फट हवी,’’ असं म्हणून त्यांनी पाना फिरवला आणि लेकीकडून तपासून घेतलं. तिची बोटं काळी झाली. ती दिवसभर धुतली नाहीत.

वस्तादांनी फरकही सांगितला. जुन्या इंजिनाचं नळकांडं बिडाचं, नव्याचं ॲल्युमिनियमचं. ॲल्युमिनियम उष्णता बिडाच्या सुमारे तिप्पट सहज पुढे देतं, म्हणून नवं इंजिन लवकर थंड होतं. बिडाचं तापलं की तासा-दीड तासानं झाडाखाली थांबायचं. (मामांच्या मते हा दोष नव्हे, चहाची सोय आहे.) जुन्याचा गिअरबॉक्स इंजिनापासून वेगळा, चार गिअर. नव्यात दोन्ही एकाच पेटीत, पाच गिअर. जुन्यात पेट्रोल कार्बोरेटरमधून जातं, नव्यात फवाऱ्यानं, आणि किती जायचं ते एक छोटा संगणक ठरवतो. जुनी रस्त्यात बंद पडली तर पाना, स्क्रूड्रायव्हर, प्लग आणि सँडपेपरचा तुकडा एवढ्यावर बहुतेक वेळा चालू होते. नवी सहसा बंद पडत नाही, पण पडली तर जवळ लॅपटॉप लागतो! मग वस्तादांनी चिठ्ठीवर आकडा लिहिला. बोअर-पिस्टन, वायरिंग, दोन्ही टायर, ब्रेक, केबली. चाळीस हजारांच्या आसपास. आणि म्हणाले, ‘‘इंजिन मी नव्यासारखं करून देईन, मामा. ब्रेक मात्र १९८७ चाच राहील.’’

नवी गाडी मिळाली ती शेजाऱ्यांची. त्यांच्या मुलानं २०२३ साली आलेली नव्या इंजिनाची बुलेट घेतली होती. दिसायला मामांच्याच गाडीची बहीण, तशाच सोनेरी रेघा. वजन मात्र १९५ किलो, जुनीपेक्षा पंचवीस-तीस किलोनं जास्त. दोन्ही चाकांना डिस्क ब्रेक आणि वर एबीएस.

एबीएस म्हणजे काय, ते सांगतो. पावसात तुम्ही सायकलचा ब्रेक करकचून दाबला तर चाक फिरायचं थांबतं पण सायकल घसरत पुढे जाते, आणि हँडल वळवलं तरी वळत नाही. चाक अडकलं की ताबा गेला. नव्या गाडीच्या चाकापाशी दात्यांची एक कडी असते आणि तिच्याकडे बघणारा एक सेन्सर. चाक अडकायला लागलं की त्याला लगेच कळतं, आणि ब्रेक एका सेकंदात कितीतरी वेळा सोडून-धरून, सोडून-धरून चाक फिरतं ठेवला जातो. म्हणजे तुम्ही घाबरून दाबलात तरी तो घाबरत नाही. आपल्याकडे १ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीच्या वरच्या सगळ्या नव्या दुचाकींना हे सक्तीचं आहे.

मामांना नवी गाडी आवडली. खोटं कशाला बोला. दिवा लख्ख, थरथर नाही, बटण दाबलं की चालू. आम्ही महिरावणीकडे निघालो. वेग असेल पंचेचाळीस. आणि बाभळीच्या आडून मेंढरं रस्त्यावर आली.

आता नीट ऐका. जुन्या बुलेटचा गिअर उजव्या पायाला आहे आणि ब्रेक डाव्या पायाला. पहिला गिअर वर, बाकीचे तीन खाली. आज तुम्ही रस्त्यावर बघता त्या सगळ्या मोटारसायकलींचं उलट आहे, डावीकडे गिअर, उजवीकडे ब्रेक. मामांनी अडतीस वर्षं डाव्या पायानं ब्रेक दाबलाय. मेंढरं दिसली आणि त्यांचा डावा पाय आपोआप खाली गेला. ब्रेक लागला नाही. गिअर पडला. गाडीनं हिसका दिला, इंजिन किंचाळलं. बरं की दोन्ही गाड्यांना पुढचा ब्रेक उजव्या हातालाच असतो. हात बरोबर दाबला गेला, एबीएसनं हँडल थरथरलं आणि आम्ही मेंढरांच्या चार हात अलीकडे थांबलो. मेंढपाळानं आमच्याकडे असं पाहिलं की जणू मेंढरं आम्हीच होतो.

ताशी पंचेचाळीस म्हणजे सेकंदाला साडेबारा मीटर. पाय चुकला हे कळून दुरुस्त करायला एकच सेकंद गेला असं धरा, तरी एसटीची एक अख्खी बस मावेल एवढं अंतर गेलं.

परत येताना मामा गप्प. घरी आल्यावर चप्पल काढता काढता म्हणाले, ‘‘गाडी चांगली आहे रे. पाय जुने आहेत.’’

म्हणजे बघा, काय पेच आहे तो! जुन्या गाडीवर मामा पक्के, पण ब्रेक कच्चा. नव्या गाडीवर ब्रेक पक्का, पण मामा कच्चे. आणि मागे मामी बसणार.

मी मधला मार्ग सुचवला. २००८-०९ च्या सुमाराला बुलेटला ॲल्युमिनियमचं नवं इंजिन आलं होतं, तिच्यातली एखादी जुन्या बाजारात बघू, स्वस्तात मिळेल. मामांनी दोन वाक्यांत निकाल लावला. तिचाही गिअर डावीकडेच, म्हणजे पायाचा प्रश्न तसाच, आणि सुरुवातीच्यांना एबीएस नाही. शिवाय गाडीच्या कागदांची मुदत पहिली पंधरा वर्षं असते, मग आरटीओत तपासून घेऊन पाच-पाच वर्षांनी वाढवायची. त्या गाड्यांची पंधरा वर्षं भरत आलीच आहेत. शेजारचा मुलगा म्हणाला, मग हिमालयन घ्या, ती तर लांबच्या प्रवासासाठीच बनवलीय. २०१६ ला आली ती ४११ सीसीची आणि २०२३ ला आली ती ४५२ सीसीची, पाण्यानं थंड होणारी, सहा गिअरची. तिच्यातही जुनी की नवी यावर पोरं तासन्‌तास वाद घालतात म्हणे. मामींनी तिचं सीट बघितलं. नवीचं जमिनीपासून ८२५ मिलिमीटर. ‘‘यावर चढायला मला शिडी लागेल,’’ म्हणाल्या, आणि तो विषय संपला.

जुन्या बुलेटला गिऱ्हाईकही आलं होतं, बरं का. पुण्याचे एक हौशी गृहस्थ. १९८७ साली मामांनी दिली त्याच्या कितीतरी पट किंमत द्यायला तयार. ते पैसे आले असते तर नवी गाडी लगेच येत होती. मामा त्या रात्री जेवले नाहीत. सकाळी त्यांनी फोन करून नाही सांगितलं. मामींनी त्यांना त्यावरून एक शब्द बोलला नाही, पण स्वयंपाकघराचा नवा ओटा यंदा होणार नाही हे आम्हा सगळ्यांना कळलं.

आणि पायांचं काय? तो उपाय माझ्या लेकीनं काढला. ती म्हणाली, ‘‘आबा, पाढे कसे पाठ होतात? तसंच.’’

सुट्टीच्या दिवशी कारखान्यांमधले आतले रस्ते रिकामे असतात. शेजाऱ्यांची गाडी, पेट्रोल आमचं, आणि भाडं म्हणून मामींच्या हातची शेवभाजी. नियम असा. मामांनी वीस-पंचवीसच्या वेगानं फेऱ्या मारायच्या. लेक कडेला उभी राहून मनात येईल तेव्हा ओरडणार, ‘‘ब्रेक!’’ मामांनी थांबायचं. डावा पाय हलला तर ती वहीत फुली करणार. एका रविवारी तीस वेळा. मामांची अट अशी की, मामी मागे बसलेल्या असताना लागोपाठ दोन रविवार एकही फुली आली नाही, तरच नवी घ्यायची. नाहीतर जुनीला वस्तादांकडे टाकायचं, पुढचा ब्रेक होईल तेवढा चांगला करून घ्यायचा आणि कोकण विसरून त्र्यंबकपुरतं फिरायचं.

आम्ही परत मुंबईला आलो, तेव्हा वही शेजारच्या मुलाकडे गेली. दर रविवारी रात्री फोन. पहिल्या रविवारी अकरा फुल्या. दुसऱ्या रविवारी सहा. तिसऱ्या रविवारी एक. चौथ्या रविवारी शून्य! लेक नाचली. मग मामी मागे बसल्या आणि पाचव्या रविवारी पुन्हा एक फुली. ‘‘तू बोलत होतीस म्हणून,’’ मामा म्हणाले. ‘‘कोकणात काय मी तोंडाला कुलूप लावून बसणार आहे?’’ मामी म्हणाल्या. सहाव्या रविवारी शून्य. सातव्या रविवारी पाऊस नसताना मामांनी मुद्दाम रस्त्यावर पाणी टाकून घेतलं. मामी सबंध वेळ वेंगुर्ल्याच्या मावशीच्या लग्नाची गोष्ट सांगत होत्या.

शून्य.

सोमवारी मामांनी नव्या गाडीचे बुकिंगचे पैसे भरले. पैशांची जुळवाजुळव व्हायला वेळ लागतोय, म्हणून निघायचं ते येत्या जानेवारीत. पहिला मुक्काम जव्हारला ठरलाय, कारण ते राहिलंय ना! डब्यात काय काय घ्यायचं त्याची यादी भिंतीवर लागलीय आणि तिच्यात पहिलंच नाव ब्रेकच्या केबलचं आहे. नव्या गाडीला पुढे केबल नसते, नळीतून तेल जातं, हे मी मामांना सांगितलं. ते म्हणाले, ‘‘माहीत आहे. राहू दे.’’

जुनी बुलेट ओट्यावर चादर पांघरून उभी आहे. तिच्या कागदांची मुदत २०२७ ला संपते, तेव्हा आरटीओत न्यावी लागेल. लेकीनं विचारून ठेवलंय की मला कधी चालवायला मिळेल. गिअरच्या गाडीचं लायसन्स अठरा वर्षं पूर्ण झाल्याशिवाय मिळत नाही, तिला अजून चार वर्षं आहेत. ‘‘तेव्हा बघू,’’ मामा म्हणाले, ‘‘पण ही शिकलीस तर बाकीच्या सगळ्या गाड्यांवर तुझे पाय चुकतील.’’ ती म्हणाली, वही आहे माझ्याकडे.

तोपर्यंत इंजिन जाम होऊ नये म्हणून महिन्यातून एकदा किक मारायची असते. मामा कोकणात असतील त्या महिन्याची किक माझ्याकडे आहे. नडगीला बांधायला जाड पट्टी घेऊन ठेवलीय.